पाहुणी पेटी

ऑफिसात मला कुलूपबाई म्हणत. तोंडावर नाही, पण माझे कान तिखट आहेत. त्या नावाचा मला कधी राग आला नाही, उलट बरंच वाटायचं. आमच्या रक्तपेढीच्या संगणक विभागात सात माणसं, त्यातली सहा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवून ठेवणारी. सातांत निदान एक तरी कुलूप असावं, असं माझं मत होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. उद्या आमचे सर्व्हर जळाले, बुडाले किंवा चोरीला गेले, तर सगळं पुन्हा कसं उभं करायचं याची कागदपत्रं लिहायची, ती ताजी ठेवायची, आणि इमारतीच्या बाहेर सुरक्षित जागी नेऊन ठेवायची. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्या घराला आग लागणार, त्याच घरात आग विझवायची रीत लिहून ठेवण्यात काही अर्थ नसतो. हे मी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे आणि ऐकताना लोक घड्याळाकडे बघायचे.

ऐंशी पानं होती ती. कोणतं यंत्र आधी सुरू करायचं, कोणाला फोन करायचा, काय कुठून मागवायचं. तिसऱ्या पानावर चौसष्ट अक्षरांचा एक पासवर्ड. आमच्या सगळ्या नोंदींचा बॅकअप रोज दूरच्या एका डेटा सेंटरमध्ये जायचा, पण तो कुलूपबंद, आणि ते कुलूप उघडायचं ते फक्त या चौसष्ट अक्षरांनी. एकही चुकलं तर सगळा बॅकअप असून नसल्यासारखा. या कागदांच्या दोनच प्रती होत्या, एक सर्व्हरच्या खोलीतल्या कपाटात आणि एक बाहेर. तिसरी करू द्यायला माझी तयारी नव्हती. जितक्या प्रती तितक्या चोरवाटा, हेही माझंच वाक्य.

शेवटची अकरा पानं म्हणजे खास रुग्णांची यादी. त्या यादीत माझी ताई होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या शरीराला स्वतःचं रक्त नीट बनवता येत नाही, जन्मापासूनच. दर चार आठवड्यांनी तिला बाहेरचं रक्त द्यावं लागतं. मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून हे चाललंय. इतक्या वर्षांत शेकडो परक्या माणसांचं रक्त तिच्या अंगात गेलं आणि शरीर कितीही सोशिक असलं तरी त्याचे काही वैरी ठरतातच. रक्तगट सोडून रक्ताच्या पेशींवर आणखी कितीतरी बारीक खुणा असतात. त्यातल्या तीन खुणांशी ताईच्या शरीराने वैर धरलं होतं. त्या खुणा असलेलं रक्त तिला द्यायचं नाही.

खरी मेख पुढे आहे. हे वैर काही वर्षांनी झोपी जातं. रक्त तपासलं तर काही दिसत नाही, सगळं जुळतंय असंच तपासणी सांगते. मात्र तसं रक्त दिलं की काही दिवसांनी ते वैर जागं होतं आणि दिलेल्या रक्ताचा अंगातल्या अंगात चुराडा करतं. मूत्रपिंडं बंद पडतात. कधी माणूसच हातचा जातो. म्हणून अशा रुग्णांच्या बाबतीत आजच्या तपासणीपेक्षा जुनी नोंद खरी धरायची असते. नोंद गेली, की प्रत्यक्ष रक्ताला विचारूनही उत्तर मिळत नाही.

ताईच्या पर्समध्ये पूर्वी एक चिठ्ठी असायची. जुन्या तंत्रज्ञाने हाताने लिहून दिलेली, घड्यांवर विरलेली. त्यात तीन खुणा होत्या. तिसरी आधी एक लिहून, मग खोडून, वर दुसरी लिहिलेली. जे-के नावाची एक जोडी असते, जे-के-ए आणि जे-के-बी. आपल्या नेहमीच्या ए, बी रक्तगटांशी तिचा संबंध नाही. त्या जोडीतली एक खोडून दुसरी घातली होती. ती खाडाखोड बघून माझं डोकं उठलं. मी म्हटलं, "ताई, असली चिठ्ठी असण्यापेक्षा नसलेली बरी. गडबडीत कोणी खोडलेलं वाचलं तर? आता सगळं संगणकात आहे. संगणक बुडाला तर पेटीत आहे."

"मला त्या चिठ्ठीची सवय झालीय गं," ती म्हणाली.

"सवयीने माणसं मरतात."

"बाई बाई, काय बोलतेस सकाळी सकाळी," असं म्हणून ती हसली आणि तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी ऑफिसात नेऊन ती कागद कातरायच्या मशीनमध्ये घातली. आमच्या कागदी फायली आदल्या वर्षीच रद्दीत गेल्या होत्या, त्याच मशीनमधून.

बाहेरची प्रत आम्ही एका गोदामवाल्या कंपनीकडे ठेवत होतो. ती कंपनी बंद पडली, तेव्हा मला मास्तर सुचले. नदीपलीकडच्या रक्तपेढीत माझंच काम करणारे हे गृहस्थ. आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आम्ही ठरवलं, त्यांची पेटी आमच्या तळघरात आणि आमची त्यांच्या. एकाच दुकानातून एकाच दिवशी दोन पेट्या आणल्या, करड्या पत्र्याच्या, कुलूप पत्र्यातच बसवलेलं. प्रत्येकीची किल्ली वेगळी आणि ती ज्याची त्याच्याकडे.

"वर नाव घालूया," मास्तर म्हणाले.

"नाव घातलं म्हणजे चोराला पत्ताच दिला."

"मग रंगाचा एक ठिपका? तुमचा लाल, माझा निळा."

"आज ठिपका, उद्या पाटी. मास्तर, झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"बरं बाई, तुमचंच खरं," ते म्हणाले. मास्तर भांडत नसत. वर्गात चाळीस पोरं सांभाळलेला माणूस, त्यांनी माझ्यासारखीला कधीच ओळखलं असणार.

अदलाबदल करायला आम्ही पुलाजवळच्या पेट्रोल पंपावर भेटलो. ड्रायव्हरच्या हातात पेटी द्यायची नाही हा माझा नियम, म्हणून आम्ही दोघांनीच आपापली पेटी गाडीतून उतरवून हवा भरायच्या यंत्राशेजारी ठेवली. गाडीच्या टपावर कागद पसरून चार सह्या केल्या. तेवढ्यात पंपावरचा माणूस ओरडत आला की मागे ट्रक उभा आहे, गाड्या काढा. मास्तरांनी पेन खिशात घातलं, मी कागद गोळा केले, दोघांनी खाली वाकून पेट्या उचलल्या आणि निघालो. मला आठवतं, पेटी हाताला ओळखीची लागली. तेच वजन, कडीचा तोच काच. त्यामुळे गाडीत बसताना मला अगदी निश्चिंत वाटत होतं.

पाहुण्या पेटीसाठी मी तळघरातल्या जाळीच्या खोलीत सगळ्यात खालची फळी रिकामी केली, कारण वर चढवायला ती जड होती. पाहुणीला उघडायचं नाही, हलवायचं नाही, तिच्याबद्दल बोलायचं नाही. दर सोमवारी मी स्वतः जाऊन तिच्यावरची धूळ पुसायचे. घरच्या माणसांची मी इतकी काळजी घेतल्याचं कोणी सांगणार नाही.

तीन आठवड्यांनी मास्तरांचा फोन आला. त्यांच्याकडे रंगकाम निघालं होतं आणि फळ्या रिकाम्या कराव्या लागल्या होत्या.

"बाई, एक विचारू का? तुमच्या पेटीत किल्ल्या आहेत का हो? उचलताना आत काहीतरी वाजलं."

"मास्तर, पेटीत काय आहे ते पेटीला माहीत. तुम्ही ती हलवलीत कशाला?"

"रंगवाला आला होता. नाही म्हणजे, मी माझ्या पेटीत किल्ल्यांचा जुडगा टाकलाय, म्हणून मनात आलं. एकदा दोघांनी मिळून किल्ल्या लावून बघूया का? दहा मिनिटांचं काम आहे."

"तुमच्या पेटीत काय आहे ते मला सांगू नका. आणि आमच्या पेटीत काय आहे ते फोनवर विचारू नका."

"चुकलं बाई," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दुपारी जेवताना मी हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. खजिना सांभाळायला दिला तर पठ्ठ्या खुळखुळा वाजवून बघतोय, असं मी म्हटलं आणि सगळे हसले. माझ्या फळीवरची पाहुणी कधीच वाजत नव्हती, हे मला माहीत होतं. दर सोमवारी मी तिला पुसत होते.

त्यानंतर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी करून तक्ता भरायचा असतो. मी त्यांना फोन करून विचारायचे, "पेटी आहे?" ते म्हणायचे, "आहे." मी तक्त्यात 'तपासले' लिहायचे. असं तीनदा लिहिलं.

आग लागली ती मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. सर्व्हरच्या खोलीत वीज गेली तर लागणाऱ्या बॅटऱ्यांचं कपाट होतं, त्यातली एक बॅटरी फुगली आणि पेटली. आम्ही सगळे बाहेर पटांगणात उभे राहिलो. खिडकीतून काळा धूर निघत होता आणि आत जे जळत होतं त्याचा वास घशात चिकटत होता. सर्व्हर गेले, कपाट गेलं, कपाटातली प्रत गेली. विभागातल्या सहाही जणांची पाचावर धारण बसली होती. मी एकटी शांत होते. खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी मला आनंद झाला होता. इतकी वर्षं लोक ज्याला माझं खूळ समजत होते, त्याचा दिवस आला होता.

डॉक्टरीणबाई, म्हणजे आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख, धुरातून खोकत माझ्याकडे आल्या. "किती वेळ लागेल?"

"दुसरी यंत्रं तासाभरात येतील, मी मागवलीत. पेटी आणायला दीड तास. संध्याकाळी नोंदी दिसायला लागतील."

"तुमच्या ताईंना रक्ताची पिशवी उद्या द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "मागची वेळ तापामुळे हुकली. सकाळी हिमोग्लोबिन चारवर होतं. मी फार थांबू शकणार नाही."

"थांबावं लागणार नाही," मी म्हटलं.

पाठीमागे अग्निशमनवाले जाडजूड नळीने खिडकीतून पाणी मारत होते. पाणी जिन्यावरून खाली उतरत होतं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, तळघरात आपलं काही नाही. मास्तरांची पेटी तेवढी भिजेल, त्यांना सांगावं लागेल. इतकाच विचार करून मी गाडीत बसले.

मास्तर दारातच उभे होते. त्यांनी पेटी टेबलावर आणून ठेवली होती, शेजारी पाण्याचा ग्लास. मी पाणी प्यायले, गळ्यातली किल्ली काढली आणि कुलपात घातली. ती फिरली नाही. मी काढून पुन्हा घातली, पेटी जरा तिरकी करून जोर लावला. आत काहीतरी खळकन वाजलं.

"दहा महिने पडून आहे, गंज धरला असेल," मी म्हटलं. "तेल आहे का?"

मास्तरांनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली वेगळी केली, माझी किल्ली हळूच काढून बाजूला ठेवली आणि स्वतःची लावली. कुलूप उघडलं. वरच किल्ल्यांचा जुडगा होता आणि खाली त्यांच्या रक्तपेढीचं नाव छापलेली जाड फाइल.

आम्ही दोघं त्या फाइलकडे बघत बसलो. पेट्रोल पंपावर आपण खाली ठेवलेलं आपणच उचललं होतं, मी माझं आणि त्यांनी त्यांचं. दहा महिने मी आमचीच पेटी पाहुणी म्हणून पुसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते लोक निदान कळसा शोधतात तरी. मी तो काखेत आहे हे कळू नये, अशीच सगळी व्यवस्था करून ठेवली होती.

"मी विचारलं होतं, बाई," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनीच मान खाली घातली. "मी ऐकायला नको होतं तुमचं. माझ्या पेटीचा आवाज मला कळायला हवा होता."

मी ऑफिसात फोन लावला आणि तळघराचं विचारलं. पलीकडचा म्हणाला, "खाली छातीएवढं पाणी आहे. पण काळजी नको, तिथे आपलं काहीच नव्हतं ना?"

पंप लावून पाणी काढायला बुधवारची दुपार झाली. जाळीच्या खोलीचं दार मी स्वतः उघडलं. पेटी सगळ्यात खालच्या फळीवरच होती, चिखलात अर्धी रुतलेली. माझी किल्ली तिला लगेच लागली. पेटी पत्र्याची, मजबूत, पण पाणी आत जाणार नाही असा दावा दुकानदारानेही केला नव्हता. आतून आधी गढूळ पाणी वाहिलं आणि मग ऐंशी पानांचा एक ओला ठोकळा हातात आला.

ती पानं छापली, त्या आठवड्यात आमचा मोठा प्रिंटर दुरुस्तीला गेला होता. मला धीर नव्हता, म्हणून मी शाईच्या छोट्या प्रिंटरवर छापली होती. पाण्यात ती शाई पसरली होती. तिसरं पान सुट्टं केलं तर चौसष्टपैकी कशीबशी वीस अक्षरं लागली, त्यातलीही काही अंदाजाने. शेवटची अकरा पानं एकमेकांत मुरली होती. ताईचं नाव मला एका पानावर सापडलं. नावापुढच्या रकान्यात पहिली खूण वाचता आली, दुसरी वाचता आली, आणि तिसरीच्या जागी निळा डाग होता.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला ताईच्या इस्पितळातल्या खोलीत बोलावलं. ताई उशीला टेकून बसली होती, ओठ पांढरे, एक वाक्य बोलायला दोनदा थांबत होती. भावोजी खिडकीशी उभे होते. ताई चिठ्ठीबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने बोलावं, चारचौघांत मला झापावं, असं मला फार वाटत होतं. ती फक्त म्हणाली, "धाकटे, तू दोन दिवस जेवलेली दिसत नाहीस."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ बोलल्या. "दोन खुणा नक्की आहेत, त्या टाळून रक्त शोधलंय. तिसरी जे-के मधली आहे हे ताईंना आठवतं, पण ए की बी ते आठवत नाही. दोन्ही नसलेलं रक्त इतकं दुर्मिळ आहे की ते मिळायचं नाही. तपासणीत आत्ता काहीच दिसत नाही, दोन्ही चालतंय असं येतंय. बाहेर नमुना पाठवलाय, त्याचं उत्तर यायला आठ दिवस. यांचं हृदय आठ दिवस काढणार नाही. आज रक्त द्यावंच लागेल."

"चिठ्ठीवर एक खोडलं होतं," ताई म्हणाली. "ए खोडून बी... का बी खोडून ए. रोज बघायचे ना, म्हणून कधी नीट वाचलंच नाही."

"तुम्ही ती चिठ्ठी पाहिली होती," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "यादीही तुम्हीच छापली. तुम्हाला आठवतं का? आठवत नसेल तर तसं सांगा. मग मी आणि ताई मिळून ठरवू, पण ते नाणं उडवल्यासारखं असेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले. मला चिठ्ठी दिसली, तिच्या घड्या दिसल्या, ती निळी रेघ दिसली. रेघेखाली काय आणि रेघेवर काय, ते हलत होतं. मला माहीत नाही हे तीन शब्द आहेत, आणि आयुष्यात मी ते फार कमी वेळा उच्चारले असतील. तेवढ्यात ताईने माझ्याकडे पाहून मान हलवली. लहानपणी मी पाढे म्हणताना अडले की ती अशीच मान हलवायची.

"ए," मी म्हटलं. "ए टाळायचा."

"नक्की?"

"नक्की."

म्हणताना मला खरंच नक्की वाटलं होतं. व्हरांड्यात येईपर्यंत ते टिकलं.

ए नसलेलं, म्हणजे बी असलेलं रक्त दुपारी तिला लावलं. थेंब पडायला लागले तशी मी नळीकडे बघत राहिले. काही झालं नाही, व्हायचंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आज उद्या काही कळणार नाही, कळलंच तर चौथ्या ते दहाव्या दिवसांत. डोळे पिवळे होतील, पाठीत कळ येईल आणि सगळ्यात आधी लघवीचा रंग बदलेल, काळ्या चहासारखा. तसं दिसलं तर एक मिनिटही घालवायचं नाही.

शनिवारी तिला घरी सोडलं आणि मी माझी पिशवी घेऊन तिच्याकडेच राहायला गेले. ऑफिसला मी कळवलं की येत नाही. तिथे चौकशी सुरू झाली होती. मास्तरांनी सगळा दोष स्वतःवर घेणारं पत्र पाठवलंय असं कोणीतरी फोनवर सांगितलं. मी त्याच दिवशी दुसरं पत्र पाठवून सगळं खरं लिहिलं, ठिपका नाकारल्यापासून ते तीनदा 'तपासले' लिहिल्यापर्यंत. हे लिहिणं सोपं गेलं. घडून गेलं होतं ते.

ताई मात्र फुलत होती. गालांवर रंग आला, जिना चढून गच्चीवर जाऊन आली, मी घातलेल्या चादरीच्या घड्यांना नावं ठेवू लागली. भावोजी एकदा स्वयंपाकघरात येऊन उगाच उभे राहिले आणि म्हणाले, "तू होतीस म्हणून. नाहीतर आम्ही काय सांगणार होतो डॉक्टरांना?" मी भांडी विसळत होते. मी मागे वळून बघितलं नाही.

दिवसभर मी ती चिठ्ठी आठवत बसायचे. कधी रेघेखाली बी दिसायचा, मग मला भूक लागायची. कधी रेघेखाली ए दिसायचा, म्हणजे खोडलेला ए आणि त्याच्या वर लिहिलेला बी, आणि मग मी उठून ताईच्या डोळ्यांकडे बघून यायचे. ती म्हणायची, "काय सारखी बघतेस? नजर लावशील." मी काहीतरी थट्टेचं बोलून वेळ मारून न्यायचे. कातरलेल्या कागदाच्या पट्ट्यांचं पोतं कुठे जातं, हे मी ऑफिसात फोन करून विचारलं. दोन वर्षांपूर्वीचं पोतं, असं सांगितल्यावर समोरच्याने पुन्हा विचारलं, "कितीचं?"

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली की जरा पाठ भरून आलीय, आणि लगेच म्हणाली, "खुर्चीत वाकडी बसले होते, म्हणून." मी तिला तेल लावून दिलं. कातडीवर हात फिरवताना ती गरम आहे का, हे मी पुन्हा पुन्हा बघत होते आणि मला ठरवता येत नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी तिचं अंथरूण आवरत होते. भावोजी दूध आणायला गेले होते. बाथरूमचं दार थोडं उघडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.

"धाकटे," ताईने हाक मारली. मोठ्याने नाही, मला एकटीला ऐकू जाईल इतकीच. "जरा इकडे ये गं."

मी दाराशी गेले. ती भिंतीला एक हात लावून उभी होती, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला मग, न ओतलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती.

"तू ए-च म्हणाली होतीस ना?" तिने विचारलं.

मी अजून आत पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.